पंखातला घास

मी आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दुष्काळात दूधच नाही, तेव्हा काम काय, तर हॉलची किल्ली सांभाळणं. ती किल्ली एक दिवस धुळाजीनं मागितली. हा गडी विमानदलात फिटर होता. निवृत्तीनंतर विमान चालवायलाही शिकला आणि दोघांपुरतं एक विमान सुट्या भागांत मागवून बसला.

"बबनराव, पंख जोडायला लांब जागा लागती," म्हणाला. मी म्हटलं, घे बाबा, नाहीतरी तिथं आता पालीच राहतात.

गावानं टिंगल केली, सगळ्यांत जास्त मी केली. पण लाकडी फासळ्यांचा पंख आकाराला यायला लागला आणि मी रोज तिथंच जाऊन बसू लागलो. फासळ्यांवर कापड ताणून ते लांब सुईनं शिवायचं होतं. धुळाजीची बायको रतनबाई आणि तिच्या जावा गोधड्या शिवणाऱ्या. त्यांनी पंख असे शिवले, की नुसता हात फिरवत बसावं.

पाझर तलाव आटून कोरडा ठणठणीत झाला होता, तीच धावपट्टी. पावसाच्या आत उडायचं म्हणून धुळाजीची घाई. त्याचे जुने साहेब मोहनराव पुण्याहून तपासणीला आले. ते हो म्हणतील तरच उड्डाण.

साहेब खूश होते. मग डाव्या पंखाच्या टोकाशी थांबले. मुंग्यांची रांग शिवणीतून आत चालली होती. धुळाजीनं टाके उसवले, तर आतून भाकरीचा तुकडा निघाला.

"घास हाय त्यो," रतनबाई म्हणाली. "गोधडी पुरी होताना कोपऱ्यात घास ठेवतेत. तिला उपाशी ठेवू न्हाई. मंग उपाशी पंखावर तुमाला कशी बसू देऊ?"

"अगं, उद्या उंदरं कापड कुरतडतील."

"मंग उडू नका."

साहेब म्हणाले, घास पंखात राहिला तर माझी परवानगी नाही. रतनबाई जागची हलेना. धुळाजीचं तोंड बघवेना. एवढी वर्षं उरी धरलेलं विमान भाकरीच्या तुकड्यापायी अडलं होतं.

धुळाजीनं तो तुकडा तळहातावर घेतला. मग म्हणाला, "घास पंखातच कशाला पायजे? दुसरी सीट रिकामी हाय. घास घेऊन तूच बस."

रतनबाई साहेबांकडे बघायला लागली. "चालतंय का?"

"वजन बघावं लागेल," साहेब म्हणाले.

मी लगेच सोसायटीचा वजनकाटा झाडून पुढं ओढला. कैक महिन्यांनी त्याला काम मिळालं. रतनबाई पदर सावरत चढली आणि पास झाली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बांधावर उभं होतं. विमान धुरळा उडवत पळालं आणि हवेत गेलं. मला रडू आलं, लपवत नाही.

दोघं खाली उतरल्यावर मी रतनबाईला विचारलं, "घास कुठाय?"

"ह्यांना भरवला," ती म्हणाली. "लग्नात लाजंनं हातच पुढं झाला न्हवता. वर कुणी बघायला न्हवतं."