सॅमसन बाहेर गेलाय

"सॅमसन से बात हो सकती है?" फोनवरची पोरगी म्हणाली.

"हाय की. पर बाहेर गेलाय."

"कब आएँगे, आंटी?"

"यील. तू सांग, काय निरोप हाय?"

निरोप नेहमीचाच. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ओव्हरड्यू झालाय, पेनल्टी लागेल. "ओव्हरड्यू मला कळतं गं," मी म्हटलं, "परवा भरते." आणि फोन पदराला पुसून खाली ठेवला.

चुलीपासून सून बघत होती. ग्लॅडिसचा राग म्हणजे ओलं लाकूड. जाळ कमी, धूर फार.

"माझं लेकरू कबरंत हाय, आई. आन् तुमी त्याला दर महिन्याला बाहेर धाडताय."

खोटं काय त्यात? मागच्या गाळपात तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल फडकं. माझा नातू कंपनी सुटून मोटारसायकलवर घरी येत होता. शिरूरला आमच्या दफनभूमीत त्याच्या आजोबांशेजारी त्याला ठेवला. चर्चचे पाळकसाहेब बोलले, लोक रडले. मी नाही रडले. रडायला मला माणसं लागत नाहीत.

बँकेला मात्र मी कळवू दिलं नव्हतं. कर्जाला विमा होता. मरणाचा दाखला दिला की सगळं माफ व्हायचं, हे ग्लॅडिसला माहीत होतं आणि मलाही. पण घरात त्याचं नाव निघेनासं झालं होतं. ग्लॅडिसनं घेतलं की अर्ध्यावरच तुटायचं. शेजारीपाजारी 'तुमचा पोरगा' म्हणायचे, नाव घेतलं तर जीभ भाजेल जशी. एकटी ती बँकेची पोरगी सॅमसन म्हणायची, तेही जित्या माणसाला विचारावं तसं. म्हणून दुधा-अंड्याचे पैसे डब्यात असले तरी हप्ता मी उशिरानं भरायची. वेळेवर भरला की ती फोन करत नाही.

ओव्हरड्यूसारखे बँकेचे इंग्रजी शब्द त्यानंच शिकवलेले. घर माझ्या नावावर, म्हणून कर्जाला सही माझी. बँकेचे साहेब विचारतील म्हणून त्यानं मला चुलीपुढं बसवून घोकून घेतलं.

"आजी, को-बॉरोअर म्हंजी?"

"जुवाखालचा दुसरा बैल."

"मोरॅटोरियम?"

"शेरडी व्याली की थोडं दिस दूध पिलाला सोडायचं. लगीच पिळायला बसायचं न्हाई."

"आन् वेव्हर?"

"माफी. ती आपल्याला नको. आपण काय कुणाची कोंबडी चोरली?"

तो हसून लोळायचा. "आजी, तूच मॅनेजर हो!"

बँकेत साहेबांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. इथं सही करा म्हणाले, झालं. एवढं घोकलेलं फुकट गेलं म्हणून मी येताना त्याच्याशी बोललेच नाही. स्टँडवर वडापाव चारला, तेव्हा कुठं बोलले.

त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी कृपा, त्याची धाकटी बहीण, माझ्यापुढं येऊन बसली. दौंडच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता.

"आजी, दादाचं खातं थकल्यालं दिसतंय. त्यावर तुझी सही हाय. ते मिटल्याबिगर बँक मला कर्ज द्यायची न्हाई."

"भरते की ऱ्हायल्यालं हप्तं."

"हप्त्यानं भागत न्हाई, समदं कर्ज मिटवाय लागतंय. ते कुठनं भरशील? दाखला दिला की मिटतंय. ह्या आठवड्यात फी न्हाई गेली तर माझी जागा दुसरीला जाईल." मग खाली बघून म्हणाली, "दादाला इसर म्हणत न्हाई मी."

नाक अगदी त्याचंच आहे पोरीचं. मी उठले, ट्रंकेतलं इस्त्रीचं लुगडं काढलं.

बँकेत साहेबांनी दाखला वाचला, कॉम्प्युटरवर खटखट केलं. त्याच्या नावापुढं एक शब्द उमटला.

"काय लिव्हलं ते?"

"डिसीज्ड." मग मान वर न करता ते म्हणाले, "म्हणजे... वारले, आजी."

"परत म्हणा."

"डिसीज्ड."

मी तो मनात म्हणून बघितला. चुलीपुढं घोकलेल्यांत हा नव्हता.

"आता फोन यायचं न्हाईत?"

"नाही नाही. आता तुम्हाला कुणी त्रास देणार नाही."

भला माणूस. त्याला काय सांगायचं! कृपाच्या कागदावर मी सही केली.

पुढल्या महिन्यात कृपा दौंडला होस्टेलवर गेली. हप्त्याची तारीख आली आणि टळली. मी ओट्यावर बसले होते, मांडीवर फोन, पुढ्यात शेरडीचा पाला. ग्लॅडिसचं शिलाई मशीन आत चालू होतं. ते थांबलं. ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी टेकली. सॅमसनला पुरल्यापासून आम्ही दोघी अशा बसलो नव्हतो. तिनं पाल्याची एक फांदी ओढून घेतली, पानं तोडत राहिली. फोन गप्प होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"सॅमसन हाय का?" तिनं विचारलं. नाव मधे तुटलं नाही.

मी पदर सारखा केला.

"हाय की," म्हटलं. "बाहेर गेलाय."