हनुवटीचे सहा आठवडे

नगरला डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी हनुवटी नेहमीपेक्षा जास्त मन लावून साफ केली, आणि तिथेच माती खाल्ली.

बाई नेवाशाच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या बाळंतपणानंतर हनुवटीवर राठ केस यायला लागले, तेव्हापासून दर दोन दिवसांनी न्हाणीघराची कडी लावून त्या ते चिमट्याने उपटत. नवऱ्याने, वैजनाथरावांनी, चाळीस वर्षं संसार केला आणि यातलं काही कळायच्या आत ते गेलेही. पुढे नजर अधू झाली. मग आरसा सुटला. बोटाने चाचपायचं, टोचलं की उपटायचं.

हे असंच शेवटपर्यंत चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी थोरली बहीण राहीबाई अर्धांगवायूने पडली. आठ महिने अंथरुणात होती. तिलाही हाच घराण्याचा वारसा. भेटायला आलेल्या बायका तब्येत विचारायच्या आणि हनुवटीकडे बघायच्या. राहीबाईची वाचा गेलेली, पण डोळे शाबूत. पदर ओढायला ती हात उचलू बघायची आणि हात उठायचा नाही. सत्यशीलाबाई उशाशी बसून असत. पिशवीत चिमटा असे. त्यांनी तो एकदाही बाहेर काढला नाही. काढला असता तर बायकांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं बरं जमतं हे?

यंदा त्यांच्या स्वतःच्या हातालाही चिमटा धरवेना. तेव्हा नात पंकजा मोबाईलवर कुणाला तरी लेसरबद्दल सांगत होती, ते त्यांनी ऐकलं आणि तिला आत बोलावून दार लावलं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून हनुवटी न्याहाळली. म्हणाल्या, "आजी, इथे तर काहीच नाही."

"कालच काढले. डॉक्टरांकडे यायचं तर नीटनेटकं यावं."

"तेच तर करायचं नसतं. लेसर केसातून खाली मुळापर्यंत जातो. मूळच उपटलं तर तो जाणार कुठे? आता सहा आठवडे उपटायचं नाही, दोरा नाही, वॅक्स नाही. फार वाटलं तर वस्तरा फिरवा."

"वस्तरा? मी काय गावचा पाटील आहे?"

पंकजा तोंड फिरवून हसली.

"उन्हात फिरू नका. आणि एका फेरीत भागणार नाही, सहा-आठ तरी लागतील. तरी सगळे कायमचे जातील असं मी म्हणणार नाही. केस काळे आहेत ना?"

"काळेभोर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. आरशात शेवटचे पाहिले होते तेव्हा ते तसेच होते.

सहा आठवडे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. पहिल्या आठवड्यात बोटं आपोआप हनुवटीकडे जात. बाई ती दुसऱ्या हाताने धरून ठेवत. दुसऱ्या आठवड्यात करोनातला मास्क ट्रंकेतून बाहेर निघाला. धुळीचा त्रास आहे, असं सांगून टाकलं. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ताभर धूळ होतीच, त्यामुळे खपलं. पण शेजारची कडूबाई सोडणारी नव्हती.

"मास्तरीनबाई, घरात कुठली आली धूळ? चहा तरी फडकं काढून प्या की."

"उपास आहे."

"मंगळवारचा? कवापास्नं?"

बाईंनी भाच्याचं लग्न टाळलं, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा टाळला. सून जेवायला हाक मारी तेव्हा ताट खोलीत मागवत. एवढी वर्षं वर्गात पोरांना सांगितलं, लपवाछपवी करू नका. आता स्वतःच्या घरात चोरासारखं वागायची वेळ आली होती.

त्रेचाळिसाव्या दिवशी पुन्हा एस.टी., पुन्हा नगर. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेतला आणि एकेक केस भिंगाखाली पाहिला.

"आजी, हे पांढरे आहेत. चार-पाच काळे असतील. बाकी सगळे पांढरे."

"मग?"

"लेसर काळा रंग पकडतो. पांढऱ्यात पकडायला काही नसतं."

"काळा कलप लावून येते."

"वरून लावून उपयोग नाही. रंग मुळाशी असावा लागतो."

सत्यशीलाबाई ताडकन उठून बसल्या. "हे मागच्या खेपेला सांगता येत नव्हतं?"

"मी विचारलं होतं. तुम्ही काळे म्हणालात. आणि बघायला तर तुम्ही एकही ठेवला नव्हता."

खरं होतं, म्हणून राग आणखीच चढला. विजेच्या सुईने एकेक केस घालवायची सोय पुण्याला आहे, चकरा पुष्कळ पडतील, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. दहा वर्षांपूर्वी हे लेसरचं यंत्र कुठे मेलं होतं? तेव्हा केस काळे होते आणि बाईंना उभं राहून गर्दीत एस.टी.चा प्रवास झेपत होता. आता पुणं कुणाच्या जिवावर गाठायचं?

परतीच्या एस.टी.त पंकजा म्हणाली, "आजी, एवढं काय त्यात? या वयात कोण बघतंय?"

"राहीला बघत होते."

घोडेगाव गेलं. मग सत्यशीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी पडले तर तू काढशील?"

"काढीन की."

"नुसतं तोंडाने म्हणू नको. लोक येतील, बसतील, त्यांच्या देखत नाही. ते यायच्या आधी. मला बोलता येत नसेल, तरी."

"काढीन म्हटलं ना."

"जमतं तुला?"

"त्यात काय न जमायचं?"

घरी पोचल्यावर बाईंनी तिला हातपायही धुऊ दिले नाहीत. दारापुढच्या ओट्यावर उजेड होता, तिथेच खुर्ची ओढली. पंकजाने पहिलाच केस ओढला तो मधोमध तुटला.

"तुटला. परवा खुंट टोचेल. तिरपा नको ओढूस, ज्या अंगाला वाढलाय त्याच अंगाला ओढ. कातडी ताण आधी."

"दुखेल तुला."

"दुखू दे."

दुसराही तुटला. बाई करवादल्या, "हीच का तुझी बी.एस्सी.?" कुंपणापलीकडे कडूबाई धुणं वाळत घालत होती, तिचा हात थांबला. सत्यशीलाबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण त्यांनी हनुवटी खाली घेतली नाही.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "तुला येईपर्यंत उठायचं नाही."