चारशे अकरा माणसांची चूक

गणना कार्यालयातल्या आकडेबाईंचा अंदाज चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती. निदान त्या तसं सांगत. दहा वर्षं त्यांनी जन्म मिळवले, मृत्यू वजा केले, आलेल्या-गेलेल्यांचे कागद जोडले आणि दरवर्षी गावची लोकसंख्या ठणकावून सांगितली. यंदा जनगणना झाली, तर माणसं चारशे अकरा कमी भरली!

"मागच्या दहाही वर्षांचे आकडे दुरुस्त करा बाई," साहेब म्हणाले. "फरक सारखा वाटा नि सही करा."

"माझी सही? मोजणाऱ्यांनी झोपा काढल्या त्याला मी काय करू? पुन्हा मोजायला लावा."

"एक घर चुकीचं मोजलेलं दाखवा, आत्ता वर कळवतो."

बाईंनी गठ्ठे उपसले. सुरुवात स्वतःच्याच घरापासून केली, आणि काय! 'राहणारी माणसं : दोन.' तो कागद फडकावतच त्या घरी पोचल्या.

"अहो, माणसं दोन सांगितलीत?"

"मग किती? तू नि मी," नवरा चहा गाळत म्हणाला.

"आणि पोरगी?"

"अगं, तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिकडे संसार थाटलाय तिनं. तिच्या खोलीत तुझं शिलाई मशीन आहे, त्याचं नाव सांगू?"

गाव सोडताना लेकीनं भरून दिलेला कागद कार्यालयात त्यांच्याच टेबलाच्या खणात होता. 'लावू सावकाश' म्हणून ठेवलेला.

तरी खुमखुमी जाईना. त्यांनी शेजारच्या शिक्षिकाबाईंना गाठलं. "ताई, मोजणाऱ्यानं तुमच्याकडे दोनच लिहिलीत. माणसं किती?"

"पाच."

"पाचही घरात?"

"तिघं बाहेर असतात हो, आठ वर्षं झाली. पण गाद्या घातलेल्याच आहेत."

"जाण्याचा कागद दिलात?"

"कशाला? येतील की!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुकाट्यानं भागाकार मांडला. दर वर्षाला एक्केचाळीस जण, बाकी एक.

"तो एक टाका कुठेही," साहेब म्हणाले.

"कुठेही कसा टाकू?" बाई फिस्कारल्या. खणातून कागद काढून त्यांनी तारीख पाहिली, सहा वर्षांपूर्वीच्या रकान्यात एक्केचाळीसचे बेचाळीस केले आणि खाली सही ठोकली. "बाकीचे वाटलेत, साहेब. ही मोजलेली आहे."