दोन पेपर आणि एक कडी

आमच्या घरात बातम्या नानांच्या तोंडून यायच्या. नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत, निजामाच्या काळातली नोकरीही उर्दूत. आई आणि मी मात्र मराठी शाळेतल्या. उर्दू बोलण्यात आम्ही कुणाला हार जायचो नाही, पण वाचायचं म्हटलं की दोघी आंधळ्या. नाना पेपर समोर धरून मराठीत सांगत जायचे आणि आम्ही भाजी निवडत ऐकायचो. हैदराबाद राज्याची वाटणी होणार हेही असंच ऐकलं.

श्रीनिवास गेला त्याची बातमीही त्यांनीच वाचली. माझा धाकटा भाऊ, वकिली शिकत होता. श्रावणात हुसेनसागरात सापडला. आई तेव्हा परभणीला माहेरी, मी अंबरपेठेत सासरी. आमच्या जामबागेच्या घरात बापलेक दोघंच. पाय घसरला, असं नाना म्हणाले. मोठ्या इंग्रजी पेपरातल्या चार ओळी मी स्वतः अक्षर लावून वाचल्या: विद्यार्थी, तलाव, पोलिसांना संशय नाही. संध्याकाळच्या उर्दू पेपरातही तेच आहे, असं नानांनी सांगितलं. चार ओळी जुळल्या, म्हणून मी बाकीचंही खरं धरलं.

मग आईला कडी ऐकू यायला लागली. दिवेलागणीला, बाहेरून, हळू. "आला बघ," म्हणत ती उठायची, दार उघडायची आणि नुसती उभी राहायची. वाटणीत नानांना औरंगाबादला जावं लागणार हे उन्हाळ्यापासूनच घरात ठाऊक होतं; अशातच नेमणुकीचा हुकूम आला. दिवाळीच्या आत निघायचं ठरलं. आईनं साफ सांगितलं, "मी येत नाही. तो कडी वाजवील नि आत कुणीच नसेल, असं नक्को."

"वारा आहे तो," नाना मला म्हणाले. "तिला इथून हलवलं नाही तर वेड लागेल. तू समजाव." मलाही तसंच वाटत होतं. फक्त एक मनात टोचत होतं: कडीच का? दुसरं काही का नाही?

घरी येऊन मी यांना विचारलं, "त्या संध्याकाळच्या पेपरात एवढंच होतं का हो?"

आमचे हे उठून ट्रंकेपाशी गेले. आतून घडी घातलेला पेपर काढला. म्हणजे यांना ठाऊक होतं. गल्लीपासून आबिड्सच्या बाजारापर्यंत उर्दू वाचणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी आपल्या भाजी निवडत बसलो होतो. मला असा संताप आला की हातातलं भांडं आपटून ठेवलं.

"वाचा," म्हटलं. "काही गाळू नका."

अर्धा रकाना भरला होता. श्रीनिवासचं वय चुकलेलं. त्याला म्हणे एका नाटकवालीचा नाद होता. मुलीसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही! शर्यतीत पैसे घालवले म्हणे. त्यानं घोडा पाहिला तो टांग्याचाच. एकेक खोटं ऐकून मला उलट बरं वाटत होतं. मोठ्या पेपरात एक शब्द खोटा नव्हता आणि माझा भाऊ त्यात कुठंच नव्हता. ह्या चिटोऱ्यात जिकडंतिकडं तोच होता, आणि सगळा खोटा.

शेवटी एक वाक्य उरलं. मुलाला हैदराबाद सोडायचं नव्हतं, त्यावरून भांडण झालं, बापानं दार आतून लावून घेतलं आणि मुलगा बराच वेळ कडी वाजवत होता, असं शेजारी सांगतात.

"हेही खोटं," मी म्हणाले. यांनी पेपराची घडी केली. आईला हे वाक्य कुणीच वाचून दाखवलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं; तरी तिला कडीच ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी मी जामबागेत गेले. अर्धं सामान बांधलेलं, नाना पेपर वाचत बसलेले. आईनं देवापाशी दिवा लावला आणि मान वर केली. "आला."

मला काही ऐकू आलं नाही. मी नानांकडं बघत होते. वारा म्हणणारा माणूस एकदा तरी दाराकडं बघतो. नानांनी पेपर तोंडासमोर ओढून घेतला.

"आई, तू बस," मी म्हणाले. "नाना, आज तुम्ही उघडा."

"वारा आहे, इंदू."

"मग उघडायला काय होतंय?"

ते उठले. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि तिथंच थांबले. कडी निघेना. हात थरथरत होता आणि त्याच्याखाली कडी लाकडावर वाजत होती, हळू, थांबून थांबून. आता मलाही ऐकू येत होती.

आई कान देऊन उभी होती. "हौ," ती म्हणाली. "अश्शीच वाजते रोज."

मग ती नानांकडं बघत राहिली. "तो वाजवत होता तेव्हा तुम्ही आत होता?"

नानांचा हात कडीवरच होता. आई पुढं झाली, त्यांचा हात बाजूला केला आणि दार सताड उघडलं.

औरंगाबादला नाना एकटेच गेले. आई जामबागेतच राहिली. त्या घराच्या दाराला तिनं पुन्हा कडी लावली नाही.