एक दाबा, नऊ वाजेल

मी बोलतोय. हो, नुसतं 'मी'. बावीस वर्षं माझ्या तोंडाशी येऊन माणसं हेच म्हणत आली. वरून विचारायचे, "कोण?" आणि खालून उत्तर, "मी." नाव सांगायची पद्धतच नाही. मग मीच का सांगू? पण तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सांगतो. मी दहा बिऱ्हाडांच्या एका इमारतीच्या दाराबाहेरचा फोन. दहा बटणं, बोलायला जाळी, आणि वरून कोणी कळ दाबली की खटकन उघडणारं कुलूप.

मला बसवलं वायरमन मामांनी. सगळे त्यांना मामाच म्हणत. आठवडाभर ते भिंत खोदत होते. पाइप पुरले, पाइपातून स्टीलची लवचीक पट्टी सारली, तिच्या टोकाला वायरी बांधून वर ओढल्या. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून घराचा आकडा लिहिला. काम चोख, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मामांचा १ आणि मामांचा ९ हे जुळे भाऊ. झालं. एकची वायर गेली नऊला आणि नऊची एकला.

चूक पकडली नऊ नंबरच्या बाईंच्या लेकीनं. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि लेक तेव्हा चौथीत. शाळेतून आली, टाचा उंचावून ऐटीत नऊ दाबला, तर तळमजल्यावरचे शिंपीकाका बोलले, "ब्लाऊज उद्या मिळेल." पोर पोट धरून हसली.

बाईंनी मामांना बोलावून घेतलं. "मामा, माझ्या शाळेत असता तर पाटीभर एक गिरवून घेतले असते तुमच्याकडून."

मामा ओशाळले. "उद्या येऊन बदलतो, बाई," म्हणाले. वायरमनचा उद्या कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तोवर सगळ्यांना सवय झाली. शिंपीकाकांची गिऱ्हाइकं एक दाबायची आणि घंटा बाईंकडे वाजायची. बाई समोरच्याचं ऐकूनही न घेता म्हणायच्या, "शिंप्याकडे ना? नऊ दाबा." दिवसातून दहा वेळा. लेक मात्र धावत यायची, एक दाबायची आणि ओरडायची, "मी!" मग कुलूप लगेच उघडायचं. खरं सांगतो, तो खटका मला फार आवडायचा. अजून कानात आहे.

लेक मोठी झाली. कॉलेज अर्धवट सोडून वायरिंगचं काम शिकायला लागली. बाईंना ते झेपलं नाही. घरात बरेच दिवस धुसफुस चालली असावी, पण शेवटचं भांडण झालं ते माझ्याच तोंडून. संध्याकाळी ती कामावरून आली, एक दाबला, "मी" म्हणाली.

"हात काळे करायला शिकवलं होतं का तुला?" बाई वरून म्हणाल्या.

"काळे झालेले हात धुता येतात, आई."

"मग धुऊनच ये. तोवर येऊ नकोस."

त्या दिवशी खटका वाजला नाही. ती आल्या पावली निघून गेली. कुलूप माझं असलं तरी कळ वर होती. माझ्या हातात असतं तर मी उघडलं असतं हो.

दोनेक वर्षांनी माझा आवाज बसला म्हणून मामा आले. पिशवी उघडत म्हणाले, "एक-नऊचं तेवढं राहिलंय, तेही उरकतो." हे ऐकून बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

मामा चक्रावले. या चुकीवरून सगळ्यांत जास्त बोलणी बाईंचीच खाल्ली होती त्यांनी. मला मात्र कारण ठाऊक होतं. लेकीच्या बोटाला एकच सवय. ती कधी आलीच, तर एकच दाबणार. मामांनी वायर बदलली असती तर घंटा शिंपीकाकांकडे वाजली असती.

अकरा वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. माझं चौथं बटण अडकायला लागलं, आवाजात खरखर आली. इमारतीनं ठरवलं, हा खोका काढा. गच्चीवर अँटेना लावायची, दाराशी नवं यंत्र, आणि घंटा थेट ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. बाई एकट्याच नको म्हणाल्या. दहात एक, कोण ऐकतं?

कामाच्या दिवशी सकाळी यंत्र बसवणारी आली. खांद्यावर अवजारांची पिशवी, हातात अँटेनाची दांडी, केसांत दोन-चार पांढरे. पेचकस काढून माझ्यासमोर उभी राहिली, पण माझ्या स्क्रूला हात लावेना. तो चेहरा मी कसा विसरेन? कामांच्या यादीत हा पत्ता दिसला तेव्हा तिनं दुसऱ्या कोणाला येऊ दिलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

तिनं एक दाबला.

"शिंप्याकडे ना? नऊ दाबा," बाई सवयीनं म्हणाल्या.

"मला एकच दाबायचं होतं." ती जाळीशी वाकली. "मी."

माझी खरखर तेवढी चालू. आज चार वाजता मला काढणार होते. जे व्हायचं ते आत्ताच, नाहीतर माझ्या हयातीत नाही. शिंपीकाकांचं मशीनही थांबलं होतं.

"आई, हात धुतलेले नाहीत," ती म्हणाली.

"असू देत," बाई म्हणाल्या. "ये वर."

आणि खटका वाजला.

दुपारी दोघी गच्चीवर होत्या. लेक अँटेना आवळत होती आणि बाईंनी दांडी धरली होती, काळी झाली तरी. मग खाली दाराशी नव्या यंत्रात नंबर भरताना लेकीनं विचारलं, "एक आणि नऊ आता नीट करू ना?"

"नको गं, माझी गिऱ्हाइकं चुकतील," शिंपीकाका म्हणाले. बाईंनीही नको म्हणून मान हलवली. तेव्हा मामांची चूक आता हवेतून जाते.

मी बाईंच्या फळीवर असतो. वायरी कापलेल्या, बटणं मुकी. लेक रविवारी येते, घंटा मोबाइलवर वाजते. मला ऐकू येतं तेवढं पुरे आहे.

एक मागणं आहे. तुमच्या दाराशी कोणी येऊन नुसतं 'मी' म्हणालं, तर उलटतपासणी करू नका. उघडा. कोण ते वर आल्यावर कळेलच.