गोकुळची सुरावट

"तात्यासाहेब, बंद करा ते आधी! हंडे आले बघा!" मी दारातून ओरडले.

पण उशीर झाला होता. ट्रॅव्हल्सवाल्या तात्यासाहेबांनी नव्या गाडीत बसवलेली आमची म्युझिक सिस्टीम चालू केली, टिं टिं टिडिं वाजलं आणि अख्खी गल्ली हंडे-कळश्या घेऊन धावली. सगळ्यांत पुढे शेजारची चंपाबाई. गाडीत डोकावून म्हणाली, "आगं बाई, ह्यात तं नुसता माणूस हाय!"

मी पोट धरून हसले. माझा धाकटा भाऊ गोकुळ मात्र हसला नाही.

आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे. आता शहराच्या कडेला, सातारा परिसरातल्या घरात, पुढच्या खोलीत, गोकुळ वायरलेस हेडफोन आणि गाडीच्या सिस्टीम बनवतो, मी तारांना कथलाचे डाग देते. माझं नाव कडूबाई, जीभही तशीच. मी बोलायला लागले की तो हेडफोन घालतो. आपली सिस्टीम चालू होताना वाजावी म्हणून त्यानं ही सुरावट स्वतः रचली. एक दिवस ती ऐकून सगळं शहर म्हणेल, गोकुळचा माल आहे, असं त्याच्या मनात. पण त्या वर्षी जायकवाडी धरण तळाला गेलं, आमच्या नव्या वसाहतीत नळ नव्हतेच, आणि आमची पहिली सिस्टीम घेतली टँकरवाल्या साहेबरावनं. गल्लीत शिरला की तो हॉर्नऐवजी तीच मोठ्यानं वाजवायचा. झालं! सुरावट म्हणजे पाणी.

"माल एक नंबर हाय," तात्यासाहेब म्हणाले. "माझ्या ट्रॅव्हल्सच्या समद्या गाड्या तुलाच देतो. पण ही टिंगटिंग काढ. अजिंठ्याला पाव्हणे घेऊन निघालो अन् रस्त्यात बायका आडव्या आल्या तं?"

"ती माझी निशाणी हाय, तात्यासाहेब."

"मंग निशाणी ठिव अन् काम जाऊ दे."

गोकुळनं माझ्याकडे पाहिलं.

"काढ की," मी म्हणाले. "सुरानं काय पोट भरतं व्हय?"

त्यानं सुरावट काढली. नंतर मला म्हणाला, "आक्का, ही माझी व्हती हे कोणाला ठावकंच नाय." मला लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टँकरच्या रांगेत होतो. साहेबरावची सिस्टीम जुनी, त्यामुळे तीत सुरावट होतीच. गोकुळची कळशी भरली, तशी चंपाबाईच्या कडेवरच्या नातीनं त्याचा सदरा ओढला. पोर अजून नीट बोलतही नव्हती. कळशीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिं तिं तिदिं."

"काय म्हंती ही?" गोकुळनं विचारलं.

"पानी मागती, बाबा. तिला पान्याला तेवढंच म्हनता येतं."

गोकुळ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कळशी वाकडी करून तिच्या ओंजळीत धार धरली. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं. ती हसली आणि पुन्हा म्हणाली, "तिं तिं तिदिं."

त्यानं पुन्हा ओतलं.

मागून बायका कालवा करत होत्या, टँकर संपत आला होता, आमचा हंडा अजून रिकामा होता. एरवी मी कडाडले असते. त्या दिवशी हंडा घेऊन मी गुपचूप बाजूला उभी राहिले.