औषध घातलेला नमुना

आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीला स्वतःची पाणी समिती आहे, हे माझं सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. मिरवत होते अगदी. मिरवायचं काय, कपाळ!

आयटीतली मुलं भाड्याने राहायला आली, तशा गल्लीत चार-चार मजली इमारती उठल्या. नळाचं पाणी पुरेना म्हणून सगळे एका बोअरवर आले. त्या पाण्यावर नजर ठेवायला आमची सात जणांची समिती. अध्यक्ष विक्रमराव, मूळचे गाववाले, तीन इमारतींचे मालक. महिला प्रतिनिधी मी, नंदा, निवृत्त शिक्षिका.

दर तीन महिन्यांनी तपासणीवाला बाटली घेऊन यायचा. उद्या येतोय असा फोन आदल्या दिवशी यायचा. पाहुणे येणार म्हटलं की आपण घर झाडून घेतो ना, तसं मी संध्याकाळी बोअरमध्ये जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून घ्यायची. माझ्या देखरेखीखाली, हौसेने! मोटर चालवणारे दत्तोबा पावडर ओतायचे आणि मी वर विचारायची, "नीट पडली ना?" रिपोर्ट यायचा 'पिण्यास योग्य'. मी वहीत ठसठशीत सही करायची. असे सहा रिपोर्ट झाले.

मग माझ्या सुनेला, आम्रपालीला, सातव्या महिन्यात कावीळ झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मी ताठ मानेने म्हटलं, "समितीचं. सहा रिपोर्ट चांगले आहेत."

"नमुना औषध टाकायच्या आधी घेता ना?"

वर्गात पोरांनी कॉपी केली तर मी कान धरून बाहेर उभी करायची. आणि इथे स्वतःच पेपर फोडत बसले होते, तेही दीड वर्ष.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून बाटली आणली, कुणाला न सांगता बोअरचं पाणी भरलं आणि तासाभरात पोचवलं. रिपोर्ट आला: 'पिण्यास अयोग्य'. पाण्यात मैल्याचे जंतू होते. विक्रमरावांच्या नव्या इमारतीचा संडासाचा खड्डा बोअरपासून वीस पावलांवर आहे, हे आम्हा सातही जणांना ठाऊक होतं. बोललं कोण?

बैठकीत मी रिपोर्ट टेबलावर आपटला. "आत्ता मोटर बंद करा."

विक्रमराव हसले. "ताई, ह्यो रिपोर्ट धरायचा न्हाय. नमुना समितीला कळवून घ्यायचा असतोय."

"कळवून? म्हणजे मी पुन्हा पावडर टाकायला मोकळी!"

"आवाज कशाला चढवताय? भाडेकरू गेले तर गल्लीचं नाव खराब हुईल. आन् सहा चांगल्या रिपोर्टवर सही तुमचीच हाय की."

बाकीचे पाच जण आढ्याकडे बघत होते. जसं काही तिथून उत्तर टपकणार होतं! खरं सांगते, त्या माणसाचा जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट माझा मला आला. मी वही ओढली आणि लिहिलं, 'मागचे सहाही रिपोर्ट खोटे आहेत. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी औषध मी टाकून घेतलं.' खाली सही केली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

दाराशी उभ्या असलेल्या दत्तोबांनी मोटरच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "मालक, मी आता मोटर लावत नाही. दुसरा माणूस बघा."

विक्रमराव वहीकडे बघत राहिले. ते पान फाडायचं तर पाच साक्षीदार समोर होते. शेवटी तेच म्हणाले, "बरं, ठेवा बंद."

मी तडक दवाखान्यात गेले. आम्रपालीचे डोळे अजून हळदीसारखे पिवळे होते. माझं पातक मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं होतं, रडेल. निदान तोंड तरी फिरवेल. हक्कच होता तिचा.

तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "आई, आपल्या गल्लीत अजून तिघी गरोदर आहेत. घराघरात हंडे भरलेले असतील. त्यांना सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. वहीत लिहून मी मोकळी झाले होते. तशीच उठले आणि पायात चपला सरकवल्या.